बंद पडलेल्या इंजिनाचा नंबर

पुण्यात खेळण्यातल्या रेल्वेचा विषय निघाला की पहिले नाव येते ते कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियमचे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभे केले आणि १९९८ साली लोकांसाठी खुले केले. शाळेच्या सहलीबरोबर तिथे गेलेली आणि पुढे आपल्या मुलांना घेऊन परत तिथेच गेलेली माणसे पुण्यात पुष्कळ आहेत. मी आज बोलणार आहे ते मात्र म्युझियममध्ये रोज धावणाऱ्या गाड्यांबद्दल नाही. पुण्यातल्या जुन्या बंगल्यांत, वाड्यांत, फ्लॅटच्या माळ्यावर थर्माकोलच्या खोक्यात पडून असलेल्या इंजिनांबद्दल मला बोलायचे आहे. ही इंजिने हातात सहज मावतात. कुणी जर्मनीला कामानिमित्त गेले, कुणी स्वित्झर्लंडला, कुणाचा मुलगा अमेरिकेत. तिथून मोठ्या हौसेने ती आणली गेली. आणणारे गृहस्थ आता नसतात आणि घरच्यांना त्यातले काही कळत नाही. मग एक दिवस कुणीतरी ते इंजिन रुळावर ठेवून बघतो, ते हलत नाही आणि 'जळलेले आहे' असा शिक्का बसतो.

रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि टीव्ही दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. निवृत्तीनंतर ही छोटी इंजिने माझ्या टेबलावर येऊ लागली. माझा अनुभव असा की 'जळलेले' म्हणून आलेल्या इंजिनांपैकी बरीचशी जळलेली नसतात. ती फक्त आपल्याला ओळखत नाहीत. हे कसे, ते समजण्यासाठी आधी थोडी माहिती घ्यावी लागेल.

या गाड्यांचे सर्वांत प्रचलित माप म्हणजे एचओ. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतकी लहान गाडी, आणि दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर. जाता जाता सांगतो, हे साडेसोळा मिलिमीटर युरोपातल्या १४३५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांना धरून आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. म्हणजे आपली गाडी त्याच मापात काटेकोर करायची तर रूळ एकोणीस मिलिमीटरच्या थोडे पुढे जायला हवेत. भारतीय इंजिनांची मॉडेले साडेसोळाच्याच रुळावर चालवतात आणि मग ती किंचित काटकुळी उभी राहिल्यासारखी वाटतात. जाणकारांना ते खटकते. पोरांना अजिबात खटकत नाही.

जुनी पद्धत अगदी सोपी होती. एका रुळात धन, दुसऱ्या रुळात ऋण. चाकांतून वीज थेट मोटारीत. रेग्युलेटर फिरवला की व्होल्टेज वाढते, गाडी पळते. धन-ऋण उलटे केले की गाडी मागे जाते. बारा व्होल्ट डीसी म्हणतात ती हीच. अडचण एवढीच की एका रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकदमच पळणार. एकाला थांबवून दुसऱ्याला हलवायचे तर रुळाचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर आणि वेगळे बटण लावा, अशी सगळी कसरत.

१९९० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने, एनएमआरएने, यावर एक सर्वमान्य पद्धत ठरवून दिली. तिचा पाया जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने केलेल्या कामावर होता. तिला डीसीसी म्हणतात. हिच्यात रुळांवर कायम पंधरा-सोळा व्होल्ट असतात. गाडी उभी असली तरी असतातच. आणि ही वीज एका सेकंदात हजारो वेळा उलटसुलट होत असते. ही उलटापालट किती वेळाने झाली, यातून संदेश जातो. अर्धा फेरा ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो 'एक', १०० किंवा त्याहून जास्त मायक्रोसेकंदांचा असेल तर 'शून्य'. अशा एक-शून्यांच्या माळेतून रूळ सांगत राहतात: अमुक नंबरच्या इंजिनाने या वेगाने पुढे जावे, तमुक नंबरच्या इंजिनाने दिवा लावावा.

पुणे स्टेशनावरची घोषणा डोळ्यांपुढे आणा. कर्ण्यातून येणारा आवाज फलाटावरच्या सगळ्यांच्या कानांवर पडतो, पण ज्यांच्या गाडीचा नंबर पुकारला तेच सामान उचलतात. बाकीचे चहा पीत बसतात. इंजिनाच्या पोटात बसवलेला, आगपेटीच्या काडीच्या अर्ध्या लांबीचा एक सर्किट बोर्ड हेच काम करतो. त्याला डिकोडर म्हणतात. तो प्रत्येक घोषणा ऐकतो आणि स्वतःचा नंबर आला तरच मोटार फिरवतो. नंबर चुकीचा पुकारला तर चहा पीत बसलेल्या प्रवाशासारखा ढिम्म राहतो.

आता गोंधळ होतो तो इथे. १९८०-९० च्या काळातली कितीतरी इंजिने कारखान्यातून साध्या डीसीचीच निघाली. खोक्यावर तसेच छापलेले असते. नंतर हौशी मालकाने त्यात डिकोडर बसवून घेतला. खोके तेच राहिले, इंजिन आतून बदलले. सेकंडहँड इंजिन घेताना खोक्यावर विश्वास ठेवू नये, तो यासाठी.

मग ओळखायचे कसे? सर्वांत आधी, इंजिन रुळावर ठेवायचेच नाही. ही माझी पहिली आणि शेवटची अट असते. साधे डीसीचे इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवले तर मोटारीला उलटसुलट वीज मिळते, ती जागच्या जागी किणकिणते आणि तापते. नाजूक बनावटीची मोटार असेल तर काही वेळात जळतेसुद्धा. उलट, आत इलेक्ट्रॉनिक्स असलेले इंजिन जुन्या पद्धतीच्या एसी ट्रान्सफॉर्मरला जोडले तर आणखी वाईट. त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दिशा बदलण्यासाठी चोवीस व्होल्टच्या आसपासचा झटका देण्याची सोय असे. जुने नग २२० व्होल्टच्या मेन्सला धरून बनवलेले आहेत. आपल्याकडे २३० आणि कधी त्याहूनही वर. म्हणजे झटकाही तेवढाच वर जाणार. डिकोडरला एकच झटका पुरतो.

तर आधी हाती मल्टिमीटर घ्यावा. ओहमवर ठेवून एक टोक डाव्या चाकाला, एक उजव्या चाकाला. काटा थेट शून्यावर गेला आणि इंजिनाच्या पोटाखाली लांब धातूची पट्टी दिसली, तर ते तीन रुळांच्या पद्धतीचे इंजिन आहे, मेर्क्लिन कंपनीने रूढ केलेले. ते दोन रुळांवर ठेवले की सरळ शॉर्ट सर्किट. काही थोडे ओहम दाखवले तर वीज मोटारीच्या तारेतून फिरून येते आहे, म्हणजे बहुधा साधे डीसी. आणि आकडा एकदम मोठा आला, किंवा हळूहळू चढत गेला, तर मध्ये डिकोडर आहे असे समजायला हरकत नाही. चढणारा आकडा म्हणजे आतला कपॅसिटर मीटरच्या सेलवर चार्ज होत असतो. वरचे टोपण काढता आले तर दुसरी चाचणी आणखी खात्रीची. चाक आणि मोटारीचा कार्बन ब्रश यांच्यात मोजा. साध्या इंजिनात एका बाजूचे चाक एका ब्रशला थेट जोडलेले असते. डिकोडर असेल तर मोटार चाकांपासून पूर्ण तुटलेली असते.

मीटर नसेल तर डोळे आहेतच. स्क्रूच्या डोक्यावर पेचकसाचे ओरखडे आहेत का? पोटाखाली कुणी बारीक अक्षरात आकडा लिहिला आहे का? इंधनाच्या टाकीला कारखान्याचे नसलेले भोक आहे का? असेल तर आत आवाजाचा छोटा स्पीकर असू शकतो. आणि टोपण काढल्यावर वायरींचे रंग. हे रंग ठरलेले आहेत आणि ते पाठ असावेत: लाल आणि काळी रुळांकडून येतात, नारिंगी आणि राखाडी मोटारीकडे जातात, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची आणि निळी सगळ्या दिव्यांची सामायिक. हिरवी असेल तर मालकाने काहीतरी जास्तीचे लावले आहे. आमच्या तपकीर गल्लीत वायर घ्यायला गेलो की मी सातही रंग एकदम घेऊन येतो. मिळेल त्या रंगाची वायर वापरून काम भागते खरे, पण पुढच्या दुरुस्तीवाल्याचे शिव्याशाप लागतात.

आता एका इंजिनाची हकिगत सांगतो. प्रभात रोडकडच्या एका घरातून ते आले. वडिलांना जाऊन वर्ष झाले होते. मुलगी नोकरीनिमित्त बंगळुरूला. घर आवरायला म्हणून ती आली होती आणि आईला आता लहान फ्लॅटमध्ये हलायचे होते. सोबत एक पेटीभर रूळ, दोन-तीन डबे आणि एक हिरवे, लांबट, दोन्ही टोकांना नाक असलेले इंजिन. जुन्या वस्तू घेणाऱ्या एका माणसाने ते डीसीच्या रुळावर ठेवून पाहिले होते, 'आतून गेलंय' म्हणाला होता आणि सगळ्याचे मिळून हजार रुपये देऊ केले होते.

"काका, हजार तर हजार," ती मला म्हणाली, "फक्त एकदा बघा. बाबांचं होतं म्हणून."

ते इंजिन पाहून मी जरा थबकलो. स्विस 'क्रोकोडाइल'चे मॉडेल होते ते. स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड घाटासाठी १९१९-२० पासून बनवलेली ही इंजिने. मध्ये चालकाची खोली, पुढे-मागे लांब नाके, वळणावर ती नाके वेगवेगळी वळतात, म्हणून सुसर हे नाव. त्याच घराण्यातली इंजिने आपल्या बोरघाटासाठी १९२८ च्या सुमारास आली. काही विंटरथूरच्या स्विस कारखान्यात, बाकीची इंग्लंडमध्ये बनली. सदतिसात एक चढाच्या आपल्या घाटातून त्यांनी मालगाड्या ओढल्या. रेल्वेच्या माणसांनी त्यांना सुसर म्हटले नाही, 'खेकडा' म्हटले. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक खेकडा जपून ठेवला आहे, मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारातही एक आहे. ज्याने लहानपणी खंडाळ्याला उभे राहून खेकडे पाहिले, त्याने झुरिकच्या दुकानात नेमके हेच इंजिन का उचलले असेल, हे वेगळे विचारावे लागत नाही.

खोक्यावर 'बारा व्होल्ट डीसी' असे स्पष्ट छापलेले. मीटर लावला तर आकडा चढत गेला. टोपणाच्या स्क्रूंवर ओरखडे. आत पाहिले, तर कारखान्याने दिलेल्या आठ पिनांच्या सॉकेटमध्ये डिकोडर नीट बसवलेला आणि एक हिरवी वायर चालकाच्या खोलीतल्या बारीक दिव्याकडे गेलेली. काम अतिशय स्वच्छ. वायरी दोऱ्याने बांधलेल्या, जुन्या टेलिफोन खात्यातली माणसे बांधत तशा. डिकोडर ज्या दोन बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या पट्टीवर बसवला होता तिचे मात्र काकवीसारखे काहीतरी झाले होते. पुण्याचे वीस-पंचवीस पावसाळे त्या पट्टीने काढले असणार. हा चिकटा बोर्डावर ओघळला की धूळ धरतो, दमट हवेत वीज इकडून तिकडे झिरपायला वाट होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, यापलीकडे त्याला औषध नाही. पेट्रोल किंवा थिनर मात्र लावू नये. प्लास्टिकचा रंग जातो आणि एकदा गेलेला रंग परत येत नाही.

यानंतर लगेच कंट्रोलर जोडावासा वाटतो. मी जोडत नाही. आधी मोटार बघतो. डिकोडर सॉकेटमधून उपसून बाजूला ठेवला, मोटारीच्या दोन ब्रशना वेगळ्या वायरींनी नऊ व्होल्ट दिले आणि मध्ये अँपिअरचा मीटर ठेवला. मोटार फिरली, पण कण्हत. पाऊण अँपिअरहून जास्त वीज खात होती. या आकाराचा डिकोडर साधारण एक अँपिअर सोसतो. म्हणजे चढावर चार डबे लावले असते तर डिकोडरने त्या दिवशी खरोखरच राम म्हटला असता. जळलेले डिकोडर जेव्हा माझ्याकडे येतात तेव्हा त्यांतल्या पुष्कळांचा खुनी हाच असतो: वाळलेले ग्रीस. गिअरमध्ये भरलेले ग्रीस वर्षानुवर्षे पडून राहिले की मेणासारखे घट्ट होते. लोक नवा डिकोडर आणतात, बसवतात, तोही जळतो. मग कंपनीच्या नावाने बोटे मोडतात.

गिअर उघडून धुतले. कॉम्युटेटरवरची काळी पूड काडीवर गुंडाळलेल्या कापडाने पुसली, त्याच्या फटींत अडकलेली कार्बनची भुकटी लाकडी टूथपिकने काढली. धातूची सुई इथे वापरू नये, तांब्यावर चरा पडतो. टोकांना तेलाचा एकेक थेंब, तोही सुईच्या टोकावर येईल एवढाच. वीज पाव अँपिअरवर उतरली आणि कण्हणे थांबले. मोटारीचे ब्रश इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला कुठे टेकत नाहीत ना, हेही मोजले. तिथे एक केस अंतर राहिले नाही तर रुळाची वीज मागच्या दाराने डिकोडरच्या मोटारीच्या टोकांत शिरते आणि क्षणात सगळे संपते.

चाके पुसताना दिसले की एका टोकाच्या चाकांकडून येणारी काळी वायर डागापाशी तुटली आहे. वरून अखंड दिसत होती, कारण प्लास्टिकचे आवरण शाबूत होते आणि आतले तांबे तुटलेले. सारखी वळणारी जागा, त्यात सोल्डर वायरीत वर चढून कडक झालेले. कडक आणि मऊ यांच्या सीमेवरच वायर तुटते. नवी, बारीक धाग्यांची वायर घेतली, थोडी सैल ठेवली आणि पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने डाग दिला. मोठी आयर्न इथे चालत नाही, प्लास्टिकचा बोगीचा सांगाडा वितळतो.

मग डिकोडर परत बसवला आणि इंजिन 'प्रोग्रामिंग ट्रॅक'वर ठेवले. हा रुळाचा हातभर वेगळा तुकडा असतो. इथे मुद्दाम मोजकीच वीज सोडतात, म्हणजे आत काही चुकीचे जोडलेले असले तरी जळत नाही. ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बारा व्होल्टचा दिवा वायरीत मध्ये घालावा. आत शॉर्ट असेल तर दिवा पेटतो, इंजिन वाचते.

या रुळावर डिकोडरला प्रश्न विचारता येतात. त्याच्या आत नंबर घातलेले खण असतात, त्यांना सीव्ही म्हणतात. खण क्रमांक आठमध्ये बनवणाऱ्या कंपनीचा आकडा असतो: नव्याण्णव आला तर लेन्झ, एकशे पंचेचाळीस तर झिमो, एकशे एक्कावन्न तर ईएसयू. हा आकडा मालकाला बदलता येत नाही, त्यामुळे आत काय बसवले आहे याचा पक्का पुरावा तोच. डिकोडर उत्तर कसे देतो ही गंमत ऐकण्यासारखी आहे. त्याला बोलता येत नाही. कंट्रोलर विचारतो, 'या खणात इतका आकडा आहे का?' असेल तर तो मोटारीला एक अगदी छोटा धक्का देतो. सहा हजारांश सेकंद, साठ मिलिअँपिअर. कंट्रोलरला तेवढी वीज खाल्लेली कळते, तो समजतो, 'हो'. बघणाऱ्याला दिसते ते एवढेच की इंजिन जागच्या जागी दचकते.

ते इंजिन दचकले तेव्हा मुलगी शेजारीच बसली होती. "हललं!" एवढेच ती म्हणाली.

आठव्या खणात नव्याण्णव. मग एकोणतिसावा खण. हा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण डिकोडरचा स्वभाव त्यात साठवलेला असतो. त्यात चौतीस आले. ही बेरीज असते: बत्तीस अधिक दोन. दोन म्हणजे वेगाच्या अठ्ठावीस पायऱ्या. बत्तीस म्हणजे इंजिनाचा नंबर मोठा, चार आकडी पद्धतीचा आहे. आणि जे नव्हते तेही तितकेच बोलके. त्यात चार मिळवलेले असते तर इंजिन साध्या डीसीवरही चालले असते. मालकाने ती सोय मुद्दाम बंद केली होती. जाणकार तसे करतात, कारण डीसीसीवर मध्येच संदेश तुटला तर डिकोडर कधी कधी डीसी समजून इंजिन भरधाव सोडून देतो. म्हणजे त्या खरेदीदाराने डीसीच्या रुळावर ठेवून 'गेलंय' म्हटले होते, तेव्हा इंजिन आज्ञा पाळून गप्प उभे होते. खरी गाडी असती तर कुणी असे म्हटले नसते. मुंबई-पुणे मार्ग १९३० च्या सुमारास १५०० व्होल्ट डीसीवर आला आणि या भागातली डीसी २०१६ पर्यंत पूर्ण गेली. मधल्या काळात दोन्ही प्रवाहांवर चालणारी डब्ल्यूसीएएम जातीची इंजिने आपल्याकडे होती. नुसते डीसीचे इंजिन २५ हजार व्होल्ट एसीच्या तारेखाली उभे राहिले आणि हलले नाही, तर ते बिघडले असे रेल्वेतला शिकाऊ मुलगाही म्हणणार नाही.

कारखान्यातून येताना प्रत्येक डिकोडरचा नंबर तीन असतो. आमच्या इंजिनाचा नंबर तीन नव्हता, हे आता उघड होते. मोठा नंबर सतराव्या आणि अठराव्या खणात विभागून ठेवलेला असतो. सतराव्यात आले दोनशे, अठराव्यात शहात्तर. हिशेब असा करायचा: पहिल्यातून एकशे ब्याण्णव वजा, उरले आठ. आठ गुणिले दोनशे छप्पन, म्हणजे दोन हजार अठ्ठेचाळीस. त्यात शहात्तर मिळवले. दोन हजार एकशे चोवीस.

मी आकडा कागदावर लिहिला. मुलीला काही बोध झाला नाही. तिच्या आई आतून चहा घेऊन येत होत्या, त्यांनी कागदाकडे पाहिले आणि ट्रे हातातच राहिला.

"दोन-एक-दोन-चार," त्या म्हणाल्या. "सकाळची डेक्कन क्वीन. बावीस वर्षं गेले हो त्याच गाडीने. सव्वासातला."

पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या डेक्कन क्वीनचा नंबर डिसेंबर २०१० पर्यंत २१२४ होता. मग सगळ्याच गाड्यांचे नंबर पाच आकडी झाले आणि ती १२१२४ झाली. हा नवा नंबर या डिकोडरमध्ये बसलाही नसता, कारण डीसीसीत १०२३९ च्या पुढे नंबर देता येत नाही. १ जून १९३० ला सुरू झालेल्या या गाडीचे वाढदिवस पुणेकर आजही केक कापून करतात, त्यामुळे हा नंबर कुणी आपल्या इंजिनाला देणे यात नवल काही नाही. पण घरातल्या माणसांना ते ठाऊक नव्हते. 'खोलीत बसून काहीतरी करायचे' एवढेच त्यांना ठाऊक होते.

कंट्रोलरवर २१२४ टाकले. दिवा लावायचे बटण दाबले, पुढचे तिन्ही दिवे लागले. चालकाच्या खोलीतला तो हिरव्या वायरीचा दिवाही लागला आणि आत एक माणूस बसवलेला दिसला, बोटाच्या पेराएवढाही नाही. वेग एकवर. इंजिन अत्यंत सावकाश निघाले. वेग वाढण्याचा आणि थांबण्याचा काळही त्यांनी खण क्रमांक तीन आणि चारमध्ये भरपूर वाढवून ठेवला होता. घाट चढणाऱ्या जड गाडीसारखे ते चालत होते. मागचा एक दिवा लागला नाही. बल्बच गेला होता. तो तपकीर गल्लीत मिळाला नाही, मग एक पांढरी-पिवळसर एलईडी आणि एक किलोओहमचा रेझिस्टर लावून भागवले.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण पुष्कळ ठिकाणी उलट सल्ला मिळतो. नंबर माहीत नसलेला डिकोडर आला की लोक सांगतात, 'रीसेट मारा'. आठव्या खणात ठरावीक आकडा लिहिला की बरेच डिकोडर कोरे होतात आणि नंबर परत तीन होतो. दोन मिनिटांचे काम. दुकानदाराच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण आधी वाचा. एक, तीन, चार, पाच, सतरा, अठरा, एकोणतीस, एवढे खण तरी वाचून वहीत उतरवा. एकशे पाच आणि एकशे सहा हे दोन खण तर खास मालकासाठी मोकळे ठेवलेले आहेत, त्यात काहीजण खुणेचे आकडे टाकतात. आमच्या इंजिनात ते रिकामे होते. आवाजाचा डिकोडर असेल तर जास्तच जपावे. त्यातले शिट्टीचे आणि मोटारीचे आवाज मालकाने निवडून भरलेले असू शकतात, आणि डिकोडर बदलला की ते गेले. आत डिकोडर खरोखर जळलेला असेल, म्हणजे बोर्डावर काळा डाग, फुगलेली चिप, तो विशिष्ट करपट वास, तर मात्र त्याच्यावर वेळ घालवू नये. त्यावरच्या चिपमधला प्रोग्राम बाहेर मिळत नाही. नवा घ्यावा. काही हजार रुपये लागतात आणि तो बहुधा परदेशातून मागवावा लागतो. कस्टमची भर वेगळी. म्हणूनच आधी मोटार, मग वायरी आणि शेवटी डिकोडर, हा क्रम मी कुणासाठीही मोडत नाही.

हजार रुपये देणाऱ्या त्या गृहस्थाचा फोन आला तेव्हा, मला वाटते, आईंनीच घेतला. इंजिन आता बंगळुरूला आहे. जाताना मुलीने नंबर बदलून तीन करून घ्यायचा का, असे विचारले होते, म्हणजे लक्षात ठेवायला सोपे. मग स्वतःच नको म्हणाली. मी तिला खोक्यात ठेवायला एक कार्ड लिहून दिले: पद्धत डीसीसी, साध्या डीसीवर चालणार नाही, नंबर २१२४, सतराव्या खणात २००, अठराव्यात ७६, एकोणतिसाव्यात ३४, ग्रीस बदलल्याची तारीख. सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवल्या. चाकांखालचा स्पंज काढून टाकून बटरपेपर घातला, कारण स्पंज विरघळून चाकांना चिकटतो. आणि वर्षातून दोन-तीनदा दहा मिनिटे तरी ते चालव, असे सांगितले. दोन्ही दिशांना, आधी डबे न लावता.